उरलेल्या वर्षांची किंमत

वापरलेल्या लॅपटॉपची किंमत विचारली, की विकणारा सहसा आधी त्याचा भूतकाळ सांगू लागतो. तो केवढ्याला घेतला होता, त्या वेळी त्या मॉडेलची किती हवा होती, वरचा प्रोसेसर हवा म्हणून किती जास्तीचे पैसे मोजले आणि घरात तो कसा तळहाताच्या फोडासारखा जपला. यातले सगळे खरे असू शकते आणि तरीही त्यातले फारच थोडे किमतीत धरण्याजोगे असते, कारण जी वर्षे सरली ती विकणाऱ्याने वापरून घेतली आहेत. घेणारा पैसे मोजतो ते पुढच्या वर्षांसाठी. ओळखीतल्या कोणाला जुना लॅपटॉप घ्यायचा किंवा विकायचा असला, की 'एवढ्याला ठीक आहे का?' हा प्रश्न बरेचदा माझ्यापर्यंत येतो, आणि मी उत्तराऐवजी विचारतो, की हे यंत्र त्या माणसाचे काम आणखी किती वर्षे करील. यावर जो अंदाज निघतो त्याच्याभोवतीच किमतीचा बाकीचा हिशोब उभा राहतो.

लोकांना मात्र सोपे सूत्र हवे असते. पहिल्या वर्षी इतके टक्के, पुढे दरवर्षी इतके टक्के वजा करा, म्हणजे योग्य किंमत हाती लागते, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. हिशोबाच्या वहीत घसारा असाच मांडतात आणि तिथे तो शोभतोही. बाजारात तो दोन ठिकाणी फसतो. एक म्हणजे त्याची सुरुवात मूळ खरेदी किमतीपासून होते, आणि त्या किमतीचा आजच्या व्यवहाराशी काही संबंध उरलेला नसतो. आज तेवढेच काम करणारा नवा लॅपटॉप केवढ्याला मिळतो, ही खरी तुलना. चार वर्षांपूर्वीचे महागडे मॉडेल जे काम करी तेच काम आजचे मध्यम मॉडेल करीत असेल, तर जुन्याच्या किमतीचे छत त्या मध्यम मॉडेलने ठरवले. मूळ बिल कितीही मोठे असो. हे उलटही घडते. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप्सची मागणी इतकी वाढवली, की रॅमचे भाव झपाट्याने चढले. नवी यंत्रे महागली म्हणजे भरपूर रॅम असलेल्या जुन्या यंत्रालाही कालच्यापेक्षा आज जास्त मोल येते, आणि घसाऱ्याच्या कोणत्याही कोष्टकात ते दिसत नाही.

दुसरी गोष्ट अशी, की लॅपटॉपचे आयुष्य उतारावरून घसरत नाही, ते पायऱ्या उतरते. यातली सर्वांत मोठी पायरी यंत्र झिजल्यामुळे येत नाही. सॉफ्टवेअर देणारी कंपनी हात काढून घेते तेव्हा ती येते. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठी सुरक्षा सुधारणांची वाढीव मुदत दिली गेली, पण त्या वेळी तीही आणखी एका वर्षाचीच ठेवली गेली. विंडोज ११ अधिकृतपणे चालायला टीपीएम २.० ही यंत्रातली सुरक्षेची सोय आणि कंपनीच्या यादीतला प्रोसेसर लागतो, आणि इंटेलच्या बाबतीत ही यादी मोजके अपवाद सोडता आठव्या पिढीपासून सुरू होते. त्यामुळे त्या सीमारेषेच्या अलीकडची आणि पलीकडची दोन यंत्रे दिसायला जुळी असली, तरी एकाची किंमत दुसऱ्याच्या कितीतरी खाली गेलेली असते.

एक उदाहरण मला नेहमी द्यावे लागते, कारण 'आय७ आहे' हे शब्द ऐकले की घेणारा हुरळतो. इंटेलचा आय७-७५००यू हा सातव्या पिढीतला लॅपटॉपचा प्रोसेसर. त्यात दोन कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे दोन भाग. त्याच्या पाठोपाठ २०१७ साली आलेला आय५-८२५०यू हा आठव्या पिढीतला, त्यात चार. नावातला आकडा लहान असूनही एकदम बरीच कामे करताना हा दुसरा पुढे जातो, आणि विंडोज ११ च्या यादीत बसतो तोही हाच. जाहिरातीत 'आय७' ठळक लिहिलेले असते, पिढी सांगणारा त्यापुढचा अंक बहुधा लिहिलेलाच नसतो, आणि किमतीच्या दृष्टीने वाचायचा असतो तो नेमका तोच. अॅपलकडे ही रेषा वेगळ्या जागी आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ चिप आली आणि इंटेलचे मॅक एका झटक्यात मागच्या रांगेत गेले. पुढे २०२५ मध्ये कंपनीने सांगून टाकले, की मॅकओएस टाहो ही इंटेलच्या मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती. त्यामुळे २०२० च्या सुरुवातीला घेतलेला, भरपूर रॅमचा, बिल मोठे असलेला इंटेलचा मॅकबुक आणि त्याच वर्षाच्या अखेरीस घेतलेला साधा एम१ एअर शेजारी ठेवले, तर बहुतेकांच्या कामासाठी मी दुसऱ्याला जास्त किंमत देईन. पहिल्याच्या मालकाला हे पटवणे कठीण जाते.

आता हिशोब कसा करायचा ते सांगतो. चलन कोणतेही असो, आज तेच काम करणाऱ्या नव्या यंत्राची किंमत शंभर धरावी. ते सात वर्षे चालेल असे मानले आणि आपल्यासमोरचे जुने यंत्र सॉफ्टवेअरचा आधार व एकूण प्रकृती पाहता आणखी चार वर्षे जाईल असे वाटले, तर सरळ प्रमाणाने सत्तावन्न येतात. ही वरची मर्यादा झाली. यंत्राची शेवटची वर्षे पहिल्या वर्षांइतकी सुखाची नसतात, म्हणून त्यातून काही कमी होते. हमी उरलेली नाही म्हणून आणखी थोडे. आणि जी दुरुस्ती डोळ्यांसमोर दिसते आहे तिचा खर्च पूर्णच्या पूर्ण. असे करता करता चाळिशीच्या आसपास आकडा येतो. सात वर्षांचे गृहीतक ज्याला खटकते त्याने सहा धरावीत, आठ धरावीत. अंदाज कुठे आहे आणि खात्री कुठे आहे हे या मांडणीत उघड दिसते, टक्केवारीच्या सूत्रात ते झाकले जाते, एवढ्यासाठीच मला ही मांडणी बरी वाटते.

डोळ्यांसमोरच्या दुरुस्तीत पहिली येते बॅटरी, आणि तिच्याबद्दल विकणाऱ्याच्या तोंडी ऐकू येणारे 'तीन-चार तास आरामात जाते' हे वाक्य मी कानाआड करतो. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी या आज्ञेपुढे तिरकी रेघ देऊन बॅटरीरिपोर्ट असे (powercfg /batteryreport) लिहिले, की क्षणात एक अहवाल तयार होतो. त्यात वरच्याच बाजूला दोन आकडे असतात: डिझाइन कपॅसिटी, म्हणजे बॅटरी नवी असताना तिच्यात किती वीज मावावी असे ठरवले होते, आणि फुल चार्ज कपॅसिटी, म्हणजे आज पूर्ण भरल्यावर किती मावते. पहिला आकडा पन्नास हजार मिलिवॉट-तास आणि दुसरा बत्तीस हजार असेल, तर एक तृतीयांशाहून अधिक बॅटरी संपली आहे आणि तीन-चार तासांची गोष्ट मंद पडद्यावर काहीही न करता बसलेल्या लॅपटॉपची आहे. त्याखाली सायकल काउंट असतो, म्हणजे बॅटरीच्या पूर्ण भरण्या-रिकामे होण्याच्या किती फेऱ्या झाल्या तो आकडा. अॅपलच्या अलीकडच्या लॅपटॉपांत हजार फेऱ्यांनंतरही मूळ क्षमतेच्या ऐंशी टक्के राहावेत अशी अपेक्षा कंपनी देते, अनेक साध्या बॅटऱ्यांचा दम त्याच्या निम्म्यावरच संपतो. काही यंत्रे हा रकाना रिकामाच ठेवतात, त्यातून काही अर्थ काढू नये.

आणखी खाली गेले, की क्षमतेचा इतिहास तारखांनिशी दिलेला असतो आणि मला तोच भाग सर्वांत बोलका वाटतो. आकडा दर आठवड्याला थोडा थोडा उतरत आला असेल तर बॅटरी आपल्या वयाने म्हातारी होते आहे. तो मध्येच एकदम कोसळला असेल, तर आतला एखादा सेल गेला असण्याची शक्यता आहे आणि बदलायची बॅटरी पुढच्या वर्षीची नव्हे, याच महिन्याची समजावी. इतिहास गेल्या आठवड्यापासूनच सुरू होत असेल, तर विंडोज नुकतीच नव्याने टाकलेली आहे. विकण्याआधी स्वतःची माहिती पुसणारा कोणीही शहाणा माणूस हेच करतो, तेव्हा त्यावरून संशय घेण्याचे कारण नाही, फक्त एक साक्षीदार कमी झाला एवढेच. फेऱ्या कमी आहेत म्हणून बॅटरी ताजी आहे असेही नसते. लिथियम-आयन बॅटरी वर्षानुवर्षे शंभर टक्के भरलेली आणि गरम राहिली तर न वापरताही झिजते, त्यामुळे कायम टेबलावर चार्जरला जोडलेला 'अजिबात न वापरलेला' लॅपटॉप इथे मागे पडू शकतो. आणि टचपॅड एका बाजूने उचलला गेला असेल किंवा सपाट टेबलावर यंत्र डुगडुगत असेल, तर बॅटरी फुगली असावी. तिथे किंमत बोलण्याआधी ती बदलायची कोणी आणि कधी हे ठरवावे, कारण तो प्रश्न पैशांचा नसून आगीचा आहे.

बॅटरीच्या मानाने बाकीची तपासणी लवकर उरकते. एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली साठवणीची डिस्क, किती झिजली याची लोकांना वाजवीपेक्षा जास्त काळजी असते. एक टेराबाइटच्या सामान्य एसएसडीला सुमारे सहाशे टेराबाइट लिहून होईपर्यंत हमी असते, आणि रोज वीस गिगाबाइट लिहिणाऱ्याला तिथवर पोचायला ऐंशी वर्षे लागतील. डिस्कच्या स्वतःच्या अहवालात त्रुटींची नोंद नाही एवढे पाहून पुढे जावे. पडद्यावर पूर्ण पांढरे आणि पूर्ण काळे चित्र लावून डाग पाहावेत. बिजागरी उघडताना करकरते का, सगळी बटणे उमटतात का, प्रत्येक पोर्ट चालतो का, दहा-पंधरा मिनिटे जड काम दिल्यावर यंत्र अचानक मंदावते का, हे पाहायला अर्धा तास पुरे. वरच्या ओरखड्यांना मी किमतीत फारसे धरत नाही. घेणारा मात्र पुष्कळदा त्यांच्यावरच अडतो, आणि माझ्या मते ही त्याची संधी असते: ज्या दोषाने कामात फरक पडत नाही, पण भाव पडतो, तो दोष असलेले यंत्र घेण्यासारखे दुसरे नाही.

रॅमबाबत थोडे थांबायला हवे. पूर्वी रॅम कमी असली तर पुढे वाढवू असे म्हणता येई. आता पुष्कळ पातळ लॅपटॉपांत ती मदरबोर्डवर कायमची जोडलेली असते, आणि तिथे आठ गिगाबाइट म्हणजे आयुष्यभर आठच. ब्राउझर दरवर्षी अधिक खादाड होत चालला असताना हे यंत्र किती वर्षे जाईल याचे उत्तर प्रोसेसरपेक्षा या एका आकड्यावर जास्त ठरते. जोडलेली आठ आणि बदलता येणारी आठ यांच्या किमतीत म्हणूनच अंतर असले पाहिजे, जरी जाहिरातीत दोन्ही एकाच शब्दांत लिहिली जातात.

काही दोष असे असतात, की ते असताना किंमत कमी होत नाही, संपतेच. मॅकवर आधीच्या मालकाचे ॲक्टिव्हेशन लॉक, म्हणजे त्याच्या खात्याला जोडलेले कुलूप, राहिले असेल, एखाद्या कंपनीच्या दूरस्थ व्यवस्थापनात यंत्र अजून नोंदलेले असेल किंवा बायोसला, म्हणजे यंत्र सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या आतल्या प्रणालीला, पासवर्ड असून तो कोणालाच ठाऊक नसेल, तर समोर आहे तो लॅपटॉप नव्हे, सुट्या भागांचा संच आहे. यंत्र पूर्ण पुसून, पहिल्यापासून सुरू करून, इंटरनेटला जोडून दाखवायला सांगावे. तळाच्या स्टिकरवरचा अनुक्रमांक, बायोसमधला अनुक्रमांक आणि मूळ बिलावरचा अनुक्रमांक जुळतो का, हे पाहण्यात कोणाचा अपमान नाही. जो एवढ्याने रागावतो त्याच्याशी किमतीची बोलणी न करणे बरे.

इथवर जे सांगितले ते यंत्राबद्दल झाले. वापरलेल्या वस्तूच्या किमतीत दुसरा एक मोठा वाटा असतो, तो अज्ञानाचा. जॉर्ज अॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन हे मांडले, आणि या विचारासाठी २००१ साली मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्याबरोबर त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. युक्तिवाद थोडक्यात असा: वस्तू चांगली की वाईट हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते, म्हणून घेणारा सरासरी वस्तूची किंमत देऊ करतो, त्या किमतीला चांगली वस्तू विकणे परवडत नाही म्हणून चांगल्या वस्तूंचे मालक बाजारातून उठून जातात, उरलेल्यांची सरासरी आणखी खाली येते, आणि घेणारा आणखी कमी देऊ करतो. जुन्या लॅपटॉपच्या बाजारात रोज जी कुरबुर ऐकू येते, विकणाऱ्याची 'एवढ्या चांगल्या मशीनला कोणी भावच देत नाही' आणि घेणाऱ्याची 'चांगली मशीन कोणी विकतच नाही', त्या दोन्ही तक्रारी या एकाच साखळीच्या दोन टोकांना उभ्या राहून केलेल्या असतात.

हे अज्ञान कोणाला स्वस्तात दूर करता येते हे पाहिले, म्हणजे त्याचा भार कोणी उचलावा हेही कळते. बॅटरीचा अहवाल पाठवायला विकणाऱ्याला दोन मिनिटे लागतात. तो पाठवला, तर त्याला पूर्ण किंमत मागण्याचा हक्क आहे. मागूनही पाठवला नाही, तर बॅटरी बदलायचीच आहे असे धरून मी तेवढे पैसे वजा करतो, आणि मला त्यात अन्याय वाटत नाही. दुकानदार तेच यंत्र तपासून, सहा महिन्यांची हमी देऊन जास्त भावाने विकतो तेव्हा तो फरक नफेखोरीचा नसतो. ज्या गोष्टी मला माहीत नाहीत त्यांचा विमा तो मला विकत असतो. ज्याला तपासणी जमते त्याने खाजगी विकणाऱ्याकडून घ्यावे. ज्याला जमत नाही त्याने तो विमा घ्यावा.

भाव पाहण्यासाठी लोक जाहिराती चाळतात तिथेही एक खोट आहे. जाहिरातीत दिसतो तो मागितलेला भाव. रास्त भावात लावलेली यंत्रे पटकन जातात आणि जाहिरात निघून जाते. अवाच्या सवा मागणारे आठवडे आठवडे तसेच दिसत राहतात. म्हणजे पडद्यावर एका वेळी दिसणारा ढीग हा मुख्यतः न विकल्या गेलेल्या किमतींचा ढीग असतो, आणि त्याची सरासरी काढणारा वरच्याच आकड्यावर पोचणार. जिथे प्रत्यक्ष झालेल्या विक्रीचे भाव पाहता येतात, जसे ईबेवर विकून झालेल्या वस्तू वेगळ्या काढता येतात, तिथे तेच पाहावेत. तशी सोय नसेल तर एकच मॉडेल काही दिवस नजरेखाली ठेवावे आणि कोणत्या भावाच्या जाहिराती गायब होतात याकडे लक्ष द्यावे.

विकणारा मुद्दाम जास्त मागतो असेही दर वेळी नसते. डॅनियल कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग दिले आणि बाकीच्यांना दिले नाहीत. काही क्षणांपूर्वीच मालक झालेल्यांनी मग विकायला जी किंमत मागितली ती न मिळालेले देऊ करीत होते तिच्या सुमारे दुप्पट होती. मगाचे मालकपण काही मिनिटांचे होते. ज्या लॅपटॉपवर कोणी प्रबंध लिहिला, पहिली नोकरी मिळवली, दूरच्या माणसाचा चेहरा रोज पाहिला, त्याच्या मालकाला समोरचा आकडा हिणवल्यासारखा वाटला तर त्यात नवल नाही. मी अशा वेळी वाद घालत नाही. 'हाच लॅपटॉप आज तुमच्याकडे नसता, तर तुम्ही तो या भावाला विकत घेतला असता का?' एवढे विचारतो. बहुतेक जण थोडे थांबून खरे उत्तर देतात.

याउलट एक प्रसंग असा असतो, की जाणकार घेणारा असतो आणि अनभिज्ञ विकणारा. एका परिचिताला एक यंत्र अगदी कवडीमोलाने मिळत होते, कारण मालकीणबाईंच्या मते ते 'बिघडले' होते: सुरू व्हायला पाच मिनिटे, ब्राउझर उघडायला दोन. आतला प्रोसेसर चांगला होता, विंडोज ११ च्या यादीत बसणारा होता, रॅम बदलता येण्याजोगी होती. दोष एवढाच, की त्यात जुनी फिरती हार्ड डिस्क होती. तिच्या जागी एसएसडी बसवली की यंत्र आणखी काही वर्षे धावले असते. त्याने मला विचारले, की हे त्यांना सांगायला हवे का. यावर माझे मत असे, की दोष नेमका ओळखता येणे हे कौशल्य आहे आणि त्याचा मोबदला किमतीत मिळवणे गैर नाही. दुरुस्ती करणारे सगळे दुकानदार त्यावरच जगतात. पण 'याला नक्की झालंय तरी काय हो?' असे बाईंनी तोंडावर विचारले, तर 'काही कळत नाही' म्हणून मिळवलेली किंमत मात्र रास्त नव्हे. बाईंनी विचारले. त्याने सांगितले. त्यांनी एसएसडीची किंमत फोनवर पाहिली, हिशोब केला, आणि ती उठाठेव स्वतः करायची नाही म्हणून आधीच्यापेक्षा थोडा जास्त आकडा बोलल्या. त्याने तो मान्य केला. तरीही ते यंत्र त्याला स्वस्तच पडले.

म्हणून मी कोणालाही एक आकडा सांगत नाही, दोन सांगतो. खालचा आकडा सुट्या भागांचा: पडदा, रॅम, एसएसडी, चार्जर यांचे जे येईल ते, त्याच्या खाली विकणे म्हणजे देऊन टाकणे. वरचा आकडा उरलेल्या वर्षांच्या हिशोबाने येतो, आणि तो घेणाऱ्यागणिक बदलतो. विंडोज ११ न चालणारे यंत्र नेहमीच्या कार्यालयीन कामासाठी जवळजवळ निरुपयोगी, पण विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकून लिहिण्यासाठी वापरणाऱ्याला त्याच यंत्रात पाच वर्षे शिल्लक दिसतात आणि तो दुसऱ्या कोणाहीपेक्षा जास्त देऊ शकतो. या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत कुठेही सौदा ठरला तरी मी त्याला योग्य म्हणतो. तिथे कोण किती घासाघीस करतो हा स्वभावाचा भाग आहे. विकणाऱ्याने एवढेच ध्यानात घ्यावे, की घासाघीस करीत महिनोन्महिने थांबण्यालाही किंमत आहे, आणि ती त्याच्याच बाजूला पडते, कारण सॉफ्टवेअरच्या आधाराच्या तारखा त्याच्यासाठी थांबत नाहीत.

स्वतःचे यंत्र विकताना मी जाहिरातीत सगळ्यात वर दोष लिहितो, त्याखाली बॅटरीचे दोन आकडे, प्रोसेसरचे पूर्ण नाव, रॅम बदलता येते की नाही, आणि शेवटी वरच्या आकड्यापेक्षा किंचित कमी भाव. फोन कमी येतात. जे येतात ते बहुधा 'शेवटचे किती?' विचारायला नसतात, यंत्र कधी पाहायला येऊ हे विचारायला असतात.